परी कधी गोड होती हो?

आपल्या बडोद्यातल्या मांजलपूरहून एका ताईंचा प्रश्न आलाय. त्यांचा वाचणाऱ्या बायकांचा एक ग्रुप आहे आणि सध्या सगळ्यांना वेड लागलंय ते परीकथा उलट्या करून सांगणाऱ्या पुस्तकांचं, म्हणजे सिंड्रेला सूड घेते, हिमगौरीच आतून विषारी निघते, लांडगा बिचारा निर्दोष वगैरे. तिथे एका बाईंनी मुद्दा काढला की 'डार्क परीकथा' हा शब्दच चुकीचा, कारण पर म्हणजे पंख, पंख असते ती परी, ती गोड आणि सुंदरच असणार, मग डार्क कशी? तर 'काळी परीकथा' म्हणावं का 'भयपरीकथा', आणि जाता जाता गॉथिकला मराठीत काय म्हणतात, असं ताई विचारतात.

गॉथिकचं आधी उरकतो कारण त्याचा मला भयंकर वैताग आहे. हल्ली कुठलंही भूत दिसलं की लोक गॉथिक म्हणतात. अहो, पिंपळावरचा मुंजा गॉथिक नाही! गॉथ ही रोम लुटणारी टोळी, पुढे हजारेक वर्षांनी इटलीतल्या लोकांनी टोकदार कमानींच्या जुन्या चर्चांना नावं ठेवायला हा शब्द वापरला, म्हणजे 'रानटी काम' अशी शिवीच. मग होरेस वॉलपोल या इंग्रज लेखकाने 1764 साली 'द कॅसल ऑफ ओट्रँटो' ही कादंबरी काढली आणि पुढच्या आवृत्तीवर 'अ गॉथिक स्टोरी' असं छापलं, तिथून शब्द इमारतीतून गोष्टीत शिरला. म्हणून गॉथिकला घर लागतं, पडका किल्ला किंवा वाडा, आणि त्या घराण्याचं जुनं पाप. भूत नसलं तरी चालतं. आणि आपल्या लक्ष्मीविलास महालाला गॉथिक म्हणणाऱ्यांनो, तो इंडो-सारासेनिक आहे, म्हणजे भारतीय, इस्लामी आणि युरोपीय शैलींची सरमिसळ. हां, त्याचा पहिला आर्किटेक्ट मेजर मँट 1881 मध्ये वारला, आपली गणितं चुकली, महाल कोसळणार अशा धास्तीने त्याने जीव दिला असं बडोद्यात अजून सांगतात, ती गोष्ट मात्र शंभर टक्के गॉथिक. खरी किती ते सोडा. शब्द गॉथिकच ठेवा, झालं.

आता परी. पर आणि परीचा काही संबंध नाही. फारसी पर म्हणजे पीस, ते आपल्या पर्ण शब्दाचं भावंड, अवेस्तात, म्हणजे पारशांच्या जुन्या धर्मग्रंथात, परेन. परी दुसऱ्या घरातली. अप्सरेचा अपभ्रंश होऊन परी झाली असं सांगणारेही भेटतात, अगदी मोठमोठे, पुस्तकं लिहिलेले, आणि फार ठासून सांगतात. त्यांना एकच विचारायचं, अप्सरेचं पालीत आणि प्राकृतात काय झालं? अच्छरा झालं. प्स चा च्छ होतो, मत्सर चा मच्छर होतो तसाच. परी कुठून काढली तुम्ही? ध्वनिनियम म्हणजे काय उधारीची वही आहे, हवं तेव्हा खोडायला?

खरी परी आहे अवेस्तात, आणि ती बघून मला दर वेळी आनंद होतो. शब्द आहे पइरिका. आणि पइरिका म्हणजे काय, तर चेटकीण! सुंदर बिंदर काही नाही, जादूटोणा करणाऱ्यांच्या जोडीने तिचं नाव येतं आणि तिच्यापासून वाचव म्हणून प्रार्थना केल्यात. तिश्त्र्य म्हणजे व्याधाचा तारा, पाऊस आणणारा देव, त्याच्या यश्तात, म्हणजे स्तोत्रात, या पइरिका आकाशातून तुटत्या ताऱ्यासारख्या पडतात आणि तो त्यांचा पाडाव करतो. त्यातल्या एकीचं नाव दुझ्याइर्या, म्हणजे वाईट वर्ष. दुझ म्हणजे आपला दुस्, याइर्या त्यांच्या 'वर्ष' या अर्थाच्या शब्दावरून. म्हणजे दुष्काळच की! आणि पुढे काय म्हटलंय तर खोटं बोलणारे लोक तिला हुयाइर्या, म्हणजे 'चांगलं वर्ष' म्हणतात. बघा, दुष्काळाला सुकाळ म्हणून खपवणारे तेव्हाही होते. इराणच्या दारयवहू राजानेसुद्धा, म्हणजे इंग्रजीतल्या डरायसने, शिलालेखात देशासाठी मागणं मागितलंय ते शत्रूचं सैन्य, दुशियार आणि खोटेपणा या तिन्हींपासून वाचव असं, त्यातली दुशियार म्हणजे आपली हीच बाई.

आणि हे सगळं लांब कुठे इराणात पडलेलं नाहीये. आंकतील द्युपेराँ नावाचा फ्रेंच माणूस अवेस्ता शिकला तो सुरतेत, पारशी दस्तुरांकडे, म्हणजे धर्मगुरूंकडे, आणि 1771 मध्ये त्याने ते पॅरिसला छापलं. म्हणजे युरोपला ही मूळची परी भेटली ती आपल्यापासून दीडशे किलोमीटरवर. आणि आपण इथे बसून म्हणतोय परी म्हणजे पंख!

मग ही चेटकीण सुंदर कधी झाली? फारसी कवितेत. प्रेयसीचा चेहरा परीसारखा, परीचेहरा, परीजाद वगैरे. पण काळा डाग पूर्ण गेला नाही बरं का, फारसीत परीजदा म्हणजे परीने झपाटलेला, वेडा, आणि परीख्वान म्हणजे ती उतरवणारा मांत्रिक. मराठीत मात्र आली ती धुऊन पुसूनच. आपल्याकडे बरोबर उलटा प्रवास झाला जखिणीचा. यक्षिणी, झाडाला रेलून उभी असलेली, देखणी, धनधान्य देणारी, तिची प्राकृतात जक्खिणी झाली आणि मराठीत जखीण होऊन मानगुटीवर बसली. एकीला बढती, दुसरीची बदली.

आता अजून एक भलतं काम काही इंग्रजी शिकलेले करतात, फेअरी आणि परी एकच म्हणतात. जुना सिद्धांत आहे हा, की अरबीत प नाही, म्हणून परीचं फेरी झालं आणि ते क्रूसेडवाले, म्हणजे धर्मयुद्धाला आलेले ख्रिस्ती, युरोपात घेऊन गेले. गोष्ट झकास आहे पण खोटी. फेअरी आली लॅटिन फातापासून, म्हणजे नियती. इटालियनमध्ये अजून फाता, पोर्तुगीजमध्ये फादा, स्पॅनिशमध्ये हादा, लॅटिन फ चा तिथे ह होतो त्या नियमाने. फाता म्हणजे 'जे बोललं गेलं ते', ठरलेलं.

आणि इथे माझी एक लाडकी थिअरी आहे, पटत नसेल तर सोडून द्या. बाळ जन्मल्यावर येऊन त्याचं नशीब ठरवणाऱ्या बायका म्हणजे फेअऱ्या, तर मराठीत त्या कोण? परी नव्हेच, सटवाई! षष्ठीची सटवी, सहाव्या रात्री येऊन कपाळावर लिहून जाते, तिच्यासाठी पाटावर कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. आमचे गुजराती शेजारी छठ्ठीना लेख म्हणतात ते तेच. आता झोपलेल्या राजकन्येची गोष्ट आठवा, पेरो या फ्रेंच लेखकाच्या 1697 च्या पुस्तकात बारशाला सात फेअऱ्या बोलावतात, म्हातारी आठवी राहते आणि रागाने शाप देते. जर्मनीच्या ग्रिम बंधूंकडे तर फेअरी नाहीतच, 'शहाण्या बायका' आहेत, बायका 13 आणि सोन्याची ताटं 12, म्हणून एकीला वगळलं. हे सगळं पाचवी-सहावीच्या पूजेतलं भांडण नाही तर काय आहे? मानपान चुकला, सटवाई कोपली. तीच सटवी राखणही करते आणि तिच्याच नावाने बायका एकमेकींना शिव्याही देतात. ज्याने पहिल्यांदा 'परीकथा' असा शब्द पाडला त्याने 'सटवाईकथा' केला असता तर आज डार्क की गोड हा प्रश्नच आला नसता. माझ्या मुलाला हे सांगितलं तर तो म्हणाला बाबा, असल्या नावाचं पुस्तक कोण विकत घेईल. असो.

तर ताई, तुमच्या ग्रुपमधल्या त्या बाईंना सांगा की परी डार्क होती, मधे पार्लरला जाऊन आली, आता तुमचे लेखक तिला माहेरी सोडतायत. 'डार्क परीकथा' म्हणायला काहीच हरकत नाही. 'काळी परीकथा' नको, मराठीत काळी म्हटलं की पहिल्यांदा रंगच डोळ्यापुढे येतो, वधूसंशोधनाच्या जाहिरातीसारखं वाटतं. 'भयपरीकथा' तर तोंडात अडकते आणि शिवाय चूक, कारण या पुस्तकांत भय कमी आणि सूड जास्त असतो.

मराठीच हवा असेल तर माझं मत 'विपरीतकथा'. उलटी केलेली, अभद्र, दोन्ही अर्थ आपोआप येतात, विपरीत बुद्धीमुळे शब्द सगळ्यांच्या ओळखीचा, आणि पोटात चक्क परी बसलीये. आता भाषाशास्त्रवाले ओरडतील की विपरीत म्हणजे वि, परि आणि इत, त्यात परी कुठली. मान्य. पण पइरिकेच्या मुळाबद्दल तरी विद्वानांचं कुठे एकमत आहे, कोणी परकी बाई म्हणतं, कोणी आणखी काही, आणि मला स्वतःला त्यात हाच परि दिसतो, भोवती फिरणारी, वेढणारी, झपाटणारी. तेव्हा माझ्या हिशेबाने दोघी एकाच उपसर्गाच्या लेकी.

फक्त लिहिताना 'विपरित' लिहू नका, पेपरवालेसुद्धा सर्रास लिहितात. परि अधिक इत, दोन इ एकत्र आल्या की री दीर्घ होते. ऱ्हस्व लिहिलीत तर परीच उडून जाईल.