खोडाच्या वरच्या अंगाचे वण

कणकुंबीजवळ आमचे घर चढाच्या पायथ्याला आहे. पावसाळ्यात धोंडे येतात. वरचे रान ते खरेच अडवते का?

अडवते, पण भिंतीसारखे नाही. धोंडा खोडावर आदळतो, खोड वाकते, मुळे ताणली जातात. तेवढ्यात त्याचा थोडा जोर जिरतो. उरलेला पुढच्या झाडांवर जिरतो. खातरजमा करायची तर चढावर जा आणि खोडांची वरची बाजू बघा. साल उडून लाकूड उघडे पडलेले, कडेने गुठळी धरून भरत आलेले, तो धोंड्याचा वण. खालच्या अंगाला असेल तर कुऱ्हाडीवर संशय घ्या! वण जितका उंच, तितकी धोंड्याची उडी मोठी. खोलीएवढी शिळा सुटली तर मात्र रानाचे काही चालत नाही. मातीसकट अख्खा चढ सरकला तर झाडेही त्याच्याबरोबर खाली येतात.

भाऊ म्हणतो, रान काढून काजू लावू. झाडे ती झाडेच ना?

इथे मी भावाच्या बाजूने नाही. काजू सात-आठ मीटरवर लावतात आणि बिया वेचायला खालची झुडपे साफ ठेवतात. कारवीचे दाट जाळे गेले की लहान दगडाला अडवायला काही उरत नाही. त्यात ओळी वरून खाली सरळ धरल्या, तर धोंड्याला आयता रस्ताच. स्वित्झर्लंडमधल्या संरक्षक रानांचा नियम असा, की उताराच्या दिशेने दोन खोडांत २० मीटरपेक्षा जास्त मोकळे नको. सरळ ओळींमधली वाट तर वरपासून खालपर्यंत मोकळी राहते. काजू लावायचाच तर घरामागचा पट्टा सोडा आणि बाकी ठिकाणी एकाआड एक, तिरका लावा.

कड्याच्या भेगेत उंबर आहे. ठेवावा?

हा अपवाद. मुळे जाड होत भेग रुंदावतात, वाऱ्याने खोड हलले की तरफेसारखे काम होते. तोडायचा तर बुंध्याशी कापा, उपटू नका. मुळांनी धरलेला दगडच हातात येईल. खाली कोणी नसताना, कोरड्या दिवसांत.

वादळात पडलेली झाडे उचलावीत का?

उताराला आडवी, जरा तिरकी पडून बुंध्यांना अडकली असतील तर राहू द्या. कापावीच लागली तर खुंट कमरेएवढे उंच ठेवा. थंड देशात अशी खोडे कितीतरी वर्षे टिकतात. आपल्याकडे पाऊस आणि वाळवी त्यांना लवकर खातात. म्हणून दर वर्षी मिरगाआधी पायाने दाबून बघा. लाकूड भुसभुशीत झाले आणि त्यामागे दगड साठले असतील, तर ते एकदम सुटण्याआधी वरून एकेक करून काढून घ्या.