घरी छोटी समुद्री रीफ टाकी सुरू करायची असेल तर सुरुवात कुठून करावी?

तुमचा प्रश्न असा आहे: पुण्यात फ्लॅटमध्ये राहता, गोड्या पाण्याची टाकी काही वर्षं चांगली सांभाळली आहे, आता दोन फुटी टाकीत प्रवाळ आणि क्लाउनफिशची जोडी ठेवायची आहे, तर आधी काय विकत घ्यायचं? थर्मामीटर, रिफ्रॅक्टोमीटर (पाण्याची क्षारता मोजणारं उपकरण) आणि टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं). मासे आणि प्रवाळ सगळ्यात शेवटी. महिनाभर एकही मासा न ठेवता टाकीतलं पाणी २६ अंश सेल्सिअस आणि ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग क्षार) क्षारतेवर स्थिर ठेवता आलं, तर पुढचं सगळं जमतं. ते जमलं नाही तर कितीही महाग दिवा लावा, प्रवाळ टिकत नाही.

मी इतकं ठासून का सांगतोय तर गोड्या पाण्यातले बरेचसे मासे तापमानातला चढउतार निभावून नेतात, प्रवाळाला ते जमत नाही. त्याच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहतं आणि प्रवाळाचं बहुतेक अन्न तेच तयार करतं. पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा जेमतेम एक अंशाने जास्त तापून काही आठवडे तसंच राहिलं, तरी प्रवाळ हे शैवाल बाहेर टाकतो आणि पांढरा पडतो. लक्षद्वीपच्या समुद्रात १९९८, २०१० आणि २०१६ साली हेच मोठ्या प्रमाणावर झालं. तिथे अख्खा समुद्र असताना ही गत, तर आपल्या शंभर-सव्वाशे लिटरला एप्रिल-मे किती सोसेल याचा विचार टाकी घेण्याआधी करायला हवा.

पुण्याच्या कोरड्या उन्हाळ्यात एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा सोडला की बाष्पीभवनाने दोन-तीन अंश सहज उतरतात. मुंबईत किंवा कोकणात हवा दमट असल्यामुळे हाच पंखा फारसं काही करत नाही, म्हणून तिकडच्या मित्राचा सल्ला जसाच्या तसा घेऊ नका. पण दुपारी खोलीतच ३४-३५ अंश होत असतील तर पंखा कमी पडतो, कारण दिवा आणि पंप यांची उष्णताही पाण्यातच उतरते. मग चिलर, म्हणजे पाणी थंड करणारं यंत्र लागतं. छोट्या टाकीच्या बाबतीत अनेकदा तोच सगळ्यात महाग भाग ठरतो, तेव्हा बजेट करताना पहिली ओळ त्याची लिहा. चिलर कॅबिनेटच्या आत कोंडू नका, गरम हवा बाहेर जायला वाट हवी. डिसेंबर-जानेवारीच्या रात्रींसाठी १०० वॉटचा हीटरही लागेल. दोन्ही एकाच टेंपरेचर कंट्रोलरवर जोडा म्हणजे एकमेकांशी भांडणार नाहीत.

आता पाणी. स्वयंपाकघरातल्या आरओचं पाणी वापरू नका. पिण्याच्या आरओमध्ये बहुधा मिनरल कार्ट्रिज किंवा टीडीएस कंट्रोलर असतो आणि तो चवीसाठी क्षार परत मिसळतो. आपल्याला टीडीएस शून्य हवा. त्यासाठी साधा आरओ आणि त्यापुढे डीआय रेझिनचा (उरलेले क्षार शोषून घेणाऱ्या दाण्यांचा) फिल्टर लागतो. खडकवासल्याचं नळाचं पाणी तुलनेने मऊ असतं, बोअरचं आणि टँकरचं जड असतं, त्यावर रेझिन किती दिवस पुरेल हे ठरतं. आरओतून वाया जाणारं पाणी फरशी पुसायला, गाडी धुवायला वापरा, ते बरंच निघतं.

या पाण्यात समुद्री मीठ, म्हणजे एक्वेरियमसाठी तयार मिळणारं सॉल्ट मिक्स, लिटरला साधारण ३६ ते ३८ ग्रॅम घालायचं. मीठ पाण्यात घाला, मिठावर पाणी ओतू नका, कारण तशाने कॅल्शियम आणि कार्बोनेट एकत्र येऊन पांढरा साका बसतो. खाण्याचं किंवा खडेमीठ इथे चालत नाही. ‘इतका लांब समुद्रकिनारा आहे, तिथूनच पाणी का नको?’ असं घरचे विचारतील. मुंबईजवळच्या पाण्यात सांडपाणी मिसळलेलं असतं आणि पावसाळ्यात किनाऱ्याची क्षारता घसरते. किनाऱ्यावरची वाळूही नको. आपल्याला अॅरागोनाइटची वाळू हवी, ती कॅल्शियम कार्बोनेटची असते. कोकणातली बहुतेक वाळू तशी नसते.

नवशिक्यांना सगळ्यात जास्त चकवणारी बाब म्हणजे उडणारं पाणी. पाण्याची वाफ होते, मिठाची होत नाही. म्हणजे पातळी उतरली की क्षारता चढते, आणि पंखा चालू असेल तर दोन फुटी टाकीतून रोज एक-दोन लिटर सहज उडतं. ही भर नेहमी बिनमिठाच्या शुद्ध पाण्याने करायची, खाऱ्या पाण्याने कधीच नाही. रोज हाताने घालण्यापेक्षा ऑटो टॉप-अप, म्हणजे पातळी उतरली की आपोआप पाणी भरणारं उपकरण लावा. छोट्या टाकीसाठी मी ते चैनीत धरत नाही, गरजेत धरतो. रिफ्रॅक्टोमीटर ३५ पीपीटीच्या कॅलिब्रेशन द्रावणाने जुळवून घ्या. नुसत्या शुद्ध पाण्यावर शून्य जुळलं म्हणून ३५ बरोबर दाखवेलच असं नाही.

टाकीचं माप ६० बाय ४५ बाय ४५ सेंटिमीटर घ्या, सुमारे १२० लिटर. दुकानात ३० लिटरची गोजिरवाणी ‘नॅनो’ दाखवतील, ती पहिल्या टाकीसाठी नको. जितकं पाणी कमी, तितकं सगळं लवकर बिघडतं. दगड, वाळू, काच धरून वजन दीडशे किलोच्या पुढे जातं, त्यामुळे स्टँड पक्का आणि समतल हवा. ऊन येणाऱ्या खिडकीजवळ ठेवू नका. वर काचेऐवजी बारीक जाळीचं झाकण बसवा. हवा खेळती राहते आणि उड्या मारणारे गोबी जातीचे मासे बाहेर पडत नाहीत.

दगडांबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण इथे कायदा येतो आणि दुकानदार तो सांगत नाहीत. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत रीफ बांधणारे सगळे कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ आणि समुद्रपंखे आहेत. समुद्रघोडे आणि समुद्रकाकड्याही आहेत. म्हणजे वाघाला जे संरक्षण, तेच यांना. मुंबईच्या कोस्टल रोडच्या कामात किनाऱ्यावरच्या खडकांवरच्या प्रवाळ वसाहती आढळल्या, तेव्हा त्याही रीतसर परवानगी घेऊन दुसरीकडे हलवाव्या लागल्या. त्यामुळे ‘लाइव्ह रॉक’ (जिवाणू आणि जीव वस्तीला असलेला समुद्री दगड) म्हणून कुठून तरी तोडून आणलेला दगड किंवा शोभेसाठी ठेवलेला प्रवाळाचा पांढरा सांगाडा अजिबात घेऊ नका. कृत्रिम, सच्छिद्र सिरॅमिकचे किंवा सिमेंटचे रीफ दगड मिळतात, ते दहा-बारा किलो घ्या. त्यांच्यावर जिवाणू बसायला वेळ लागतो, पण काम तेवढंच चांगलं होतं आणि नको असलेले खेकडे-किडे सोबत येत नाहीत.

‘इंपोर्टेड आहे, चालतं’ असं म्हणून कठीण प्रवाळ विकणारा भेटेल. हे प्रवाळ साइटिस या वन्य प्रजातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या करारातही येतात, त्यांच्या आयातीला परवाना लागतो आणि अशा प्रजातींचे जिवंत नमुने बाळगायचे तर नोंदणीही करावी लागते. कागद नसतील तर घेऊ नका. माझं स्पष्ट मत असं की पहिल्या टाकीत कठीण प्रवाळ नकोतच. मशरूम (खायचे नव्हेत) आणि झोअँथिड हे प्रवाळांचे मऊ नातेवाईक वर दिलेल्या यादीत नाहीत, कमी प्रकाशात जगतात, छोटे चढउतार सोसतात आणि वर्षभरात दगड रंगाने भरून टाकतात. तेही घेताना बिल मागा आणि कुणाच्या तरी टाकीत वाढलेला तुकडा घ्या, समुद्रातून काढलेला नको.

दगड, वाळू आणि खारं पाणी भरल्यावर सायकलिंग, म्हणजे अमोनिया पचवणारे जिवाणू टाकीत वाढवणं. तत्त्व तुम्हाला गोड्या पाण्यातून माहीतच आहे, अमोनियाचं नायट्राइट आणि त्याचं नायट्रेट. फरक इतकाच की समुद्री पाण्याचा पीएच ८.१ ते ८.३ असतो आणि त्या पीएचला अमोनियाचा विषारी भाग जास्त राहतो, म्हणून मासा टाकून सायकल करण्याची जुनी पद्धत इथे क्रूर आहे. शुद्ध अमोनियम क्लोराइड २ पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत २ भाग) घाला, बाटलीतले समुद्री जिवाणू सोडा आणि रोज मोजा. कल्हईवाल्यांचा नवसागर म्हणजेही अमोनियम क्लोराइड, पण तो शुद्ध नसतो, तो नको. घातलेला अमोनिया चोवीस तासांत पुन्हा शून्यावर येऊ लागला की सायकल झाली. साधारण चार ते सहा आठवडे धरा. याच काळात तापमान आणि क्षारतेची वही ठेवा. मी वर म्हटलेली परीक्षा ती हीच. जमलं तर ही परीक्षा मे महिन्यात घ्या. मेमध्ये जी टाकी २६-२७ वर राहते, ती वर्षभर राहते.

प्रवाहासाठी ताशी दोन-अडीच हजार लिटरचा एक वेव्हमेकर (पाणी हलतं ठेवणारा पंप) पुरे. निळ्या छटेचा रीफ एलईडी दिवसाला आठ तास, सुरुवातीला कमी ताकदीवर. प्रोटीन स्किमर (फेसासोबत घाण काढणारं उपकरण) चांगला असतो, पण या मापाच्या टाकीत दर आठवड्याला १० टक्के पाणी बदलणार असाल तर पहिल्या वर्षी त्यावाचून अडत नाही. पाणी बदलताना कॅल्शियम आणि अल्कलिनिटीही (पाण्यातल्या कार्बोनेटचं प्रमाण) भरून निघते, मऊ जीवांना तेवढं पुरतं.

दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात टाकी कुरूप दिसेल. आधी डायटम नावाच्या सूक्ष्म शैवालाचा तपकिरी थर, मग केसांसारखं हिरवं शेवाळ, कधी लालसर चिकट थर. औषधं ओतू नका. शेवाळ खाणाऱ्या सेरिथ किंवा नेराइट गोगलगायी सोडा, खाणं मोजकं घाला आणि वाट बघा. नायट्रेट-फॉस्फेट ओढूनताणून शून्यावर नेणंही वाईट, मग डायनोफ्लॅजेलेट हे उपद्रवी सूक्ष्म जीव माजतात आणि ते हटवणं फार जड जातं. नायट्रेट ५ ते १० पीपीएम असू द्या.

मासे घेताना हॅचरीत (मत्स्यबीज केंद्रात) जन्मलेलेच घ्या. आपल्याकडे सीएमएफआरआयने (केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेने) क्लाउनफिशचं प्रजनन केव्हाच यशस्वी केलं आहे, आणि नवी मुंबईत ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातही शोभेच्या समुद्री माशांची हॅचरी उभी राहिली आहे. क्लाउनफिशची दोन लहान पिल्लं आणा, जोडी आपोआप बनते. सगळी नर म्हणूनच वाढतात आणि त्यातला वरचढ मासा पुढे मादी होतो. त्यांना अॅनिमोनी (समुद्रफूल, ज्यात क्लाउनफिश समुद्रात राहतात) लागतेच असं नाही. ती टाकीभर फिरते, पंपात अडकते आणि मेली तर सगळं पाणी नासवते. पहिल्या वर्षी नको.

जागा उरली तर वॉचमन गोबी आणि पिस्टल कोळंबी यांची जोडी ठेवा. माझ्या मते छोट्या टाकीत याहून सुंदर काही नाही. कोळंबीला नीट दिसत नाही. ती वाळूत बीळ खोदते आणि एक मिशी सतत गोबीला टेकवून ठेवते. गोबी दारात पहारा देतो आणि धोका दिसला की शेपटी थरथरवतो, की दोघंही आत. मुलं तासन् तास बघत बसतात. निळा टँग हा मासा मात्र कितीही मोहात पाडो, घेऊ नका, तो ३० सेंटिमीटरपर्यंत वाढतो. मँडरिन मासाही नको, तो बहुतेक जिवंत सूक्ष्म जीवांवरच जगतो आणि नव्या टाकीत उपाशी मरतो. प्रत्येक मासा आधी वेगळ्या टाकीत चार आठवडे ठेवा. समुद्री माशांचा पांढऱ्या ठिपक्यांचा रोग मुख्य टाकीत शिरला की तांब्याचं औषध तिथे घालता येत नाही, कारण तांब्याने कोळंबी, गोगलगायी आणि प्रवाळ सगळे मरतात.

सुरक्षेच्या दोन-तीन गोष्टी टाळू नका. खारं पाणी आणि वीज एकत्र असतात, म्हणून ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीजगळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) हवाच आणि प्रत्येक वायर प्लगच्या खाली लोंबून मग वर जाऊ द्या. वीज गेली तर वेव्हमेकर इन्व्हर्टरवर असू द्या, निदान बॅटरीचा एअर पंप तरी. डासांची लिक्विड मशिनं, झुरळांचे स्प्रे त्या खोलीत बंद, त्यातली पायरेथ्रॉइड कीटकनाशकं कोळंबी आणि माशांना जीवघेणी असतात. आणि काही झोअँथिडमध्ये पॅलिटॉक्सिन हे अत्यंत तीव्र विष असतं. हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय हाताळू नका, त्यांचा दगड कधीही उकळू नका की गरम पाण्याने घासू नका. घरात लहान मूल असेल तर झोअँथिड वगळून नुसत्या मशरूमवर भागवा.

तुमच्या त्या खोलीचं मे महिन्यातलं दुपारचं तापमान आणि पाणी नळाचं येतं की बोअरचं, एवढं खाली लिहा. पंख्यावर भागेल की चिलर लागेल आणि रेझिन साधारण किती घ्यावं, ते सांगतो.