घरातला कुत्रा आणि मांजर खरंच खूश आहेत का, हे कसं ओळखायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घरात दीड वर्षाचा कुत्रा आणि तीन वर्षांची मांजर, खाण्यापिण्याची आणि खेळण्यांची चंगळ. तरी तुम्ही कामावर गेलात की कुत्रा चपला फाडतो आणि तुम्ही आल्यावर अपराधी चेहरा करून बसतो. मांजर तर कपाटावरून फारशी उतरतच नाही. ही दोघं खूश आहेत की नाहीत, हे विज्ञानाला सांगता येतं का?

बऱ्यापैकी येतं. पण आधी त्या अपराधी चेहऱ्याचा निकाल लावू, कारण मी स्वतः कितीतरी वर्षं त्याला फसत आले.

२००९ मध्ये अलेक्झांड्रा हॉरोविट्झ या संशोधिकेने १४ पाळीव कुत्र्यांवर एक साधा पण खट्याळ प्रयोग केला. मालकाने कुत्र्याला समोरचा खाऊ खायचा नाही असं बजावायचं आणि खोलीबाहेर जायचं. परत आला की त्याला सांगायचं, खाल्लाय किंवा नाही खाल्ला. गंमत अशी की सांगितलेलं काही वेळा धादांत खोटं असायचं. मान खाली, कान मागे, नजर चुकवणं हे सगळं मालक रागावला की दिसायचं. खाऊ खरंच खाल्ला होता की नाही, याच्याशी त्याचा काही संबंध लागला नाही. उलट ज्या बिचाऱ्यांनी खाऊ न खाताच बोलणी खाल्ली, त्यांचे चेहरे जास्त पडले होते. म्हणजे तुम्हाला दिसतो तो पश्चात्ताप नसून ‘रागावू नका ना’ आहे. सकाळी फाडलेली चप्पल आणि संध्याकाळचा ओरडा यांची सांगड त्याला घालता येत नाही. तुम्ही दारातून आत आलात की काहीतरी वाईट होतं, एवढंच तो शिकतो.

मग त्याच्या मनातलं कळायचं कसं? त्यासाठी संशोधक जी युक्ती वापरतात ती मला फार आवडते. वाडगा खोलीच्या एका बाजूला ठेवला की त्यात नेहमी खाऊ असतो, दुसऱ्या बाजूला ठेवला की तो नेहमी रिकामा. कुत्र्याला हे पाठ झालं की एक दिवस वाडगा मधोमध ठेवायचा. धावत गेला, तर ‘असेल काहीतरी’ असं त्याला वाटतंय. रेंगाळत गेला, तर त्याने आधीच आशा सोडलीय. २०१० मध्ये माइक मेंडल आणि सहकाऱ्यांनी निवाऱ्यातल्या कुत्र्यांवर हे करून पाहिलं, तेव्हा एकटं ठेवल्यावर जास्त आकांत करणारे कुत्रे त्या मधल्या वाडग्याकडे जास्त रेंगाळत गेले. तेव्हा तुमच्यामागे चपला फाडणारा कुत्रा घरात मजा मारत असेल असं समजू नका. तुमचा सूड उगवतोय असं तर मुळीच नको. २०२० मध्ये पोर्तुगालमध्ये ९२ कुत्र्यांचा अभ्यास झाला, त्यातही ओरडून, पट्ट्याला हिसके देऊन शिकवलेल्या कुत्र्यांमध्ये ताण जास्त दिसला आणि वाडग्याच्या परीक्षेत तेही मागे पडले.

हाच वाडगा पुढे करायचा उपायही सुचवतो. २०१९ च्या एका प्रयोगात काही कुत्र्यांना दोन आठवडे लपवलेला खाऊ नाकाने शोधायला दिला आणि बाकीच्यांना मालकाच्या पायाला पाय लावून चालायचा सराव दिला. खाऊ आणि व्यायाम दोघांनाही मिळत होता. पण नंतर मधल्या वाडग्याकडे लगबगीने गेले ते नाक चालवणारे.

हे वाचलं आणि मला माझा खंड्या आठवला. फिरायला नेलं की एकाच खांबापाशी तीन-तीन मिनिटं. आधी खालून वर हुंगायचं, मग थांबून नाकपुड्या बारीक फडफडवायच्या, पुढचा एक पाय अधांतरी, मग पुन्हा तीच जागा, जणू मघाशी एक ओळ वाचायची राहून गेली. आणि मी वरून पट्टा ओढत, ‘चल रे, उशीर होतोय’. फिरणं त्याचं होतं आणि वेळापत्रक माझं! आता अंतर कमी झालं तरी चालेल, पण हुंगायला पूर्ण मुभा देते. घरी आल्यावर तो पसरतो तो तासभर हलत नाही.

तुम्ही मात्र सुरुवात एका जुन्या फोनने करा. घराबाहेर पडताना कॅमेरा चालू करून ठेवा. तुम्ही गेल्यावर पहिल्या अर्ध्या तासातच येरझाऱ्या, रडणं, लाळ गळणं, दार ओरबाडणं दिसलं, तर ती एकटेपणाची धास्ती आहे. ती नवीन खेळण्याने जात नाही. तिथे एक मिनिट, तीन मिनिटं असं करत एकटं राहायची सवय लावावी लागते आणि वर्तनाची जाण असलेल्या पशुवैद्याचा सल्ला घ्यावा लागतो. पण तो आधी दोन तास ढाराढूर झोपला आणि मग उठून चप्पल शोधायला गेला, तर साहेबांना कंटाळा आलाय. सकाळी नाकाला काम द्या आणि चावायला हक्काचं काहीतरी ठेवा.

आता मांजर. कपाटावर बसणं म्हणजे रुसणं, असं आपण ठरवून टाकतो. नेदरलँड्समध्ये निवाऱ्यात नव्याने आलेल्या १९ मांजरींपैकी काहींना लपायला खोकं दिलं, काहींना नाही. खोकंवाल्यांचा ताण लवकर उतरला. लपायची सोय आहे एवढ्यानेच बाहेर यायचा धीर येतो. म्हणून तिला कपाटावरून उचलून आणणं बंद करा. तिथे एक मऊ फडकं टाका.

काळजी कधी करायची? ती फक्त कुत्रा झोपल्यावरच खाली येत असेल तेव्हा. एक दिवस बसून पाहा: तिचं खाणं, पाणी, लिटर ट्रे (शी-शूचा वाळूचा ट्रे) या वाटेत कुत्र्याची जागा लागते का? लागत असेल तर तिचं खाणं उंचावर न्या, ट्रे अशा जागी ठेवा जिथून निघायला दोन वाटा असतील. ट्रे किती, तर जितक्या मांजरी त्याहून एक जास्त, आणि खाण्यापासून लांब. हे दिसायला फुटकळ वाटतं, पण माझ्या मते मांजरीचं निम्मं सुख या मांडणीत आहे.

उरलेलं निम्मं तुमच्या हातात, म्हणजे शब्दशः हातात. आमची भुरी मांडीवर घुरघुरत असताना अचानक चावायची आणि मी तिला लहरी म्हणायचे. मग एकदा नीट पाहिलं. चौथ्या-पाचव्यांदा पाठीवरून हात फिरला की शेपटीचं टोक टपटप करायचं, पाठीची कातडी लहरल्यासारखी व्हायची, कान किंचित बाजूला वळायचे. म्हणजे तीनदा सांगून झाल्यावर ती चावत होती. बहुतेक मांजरींना गालावर, हनुवटीखाली, कानांच्या बुडाशी कुरवाळलेलं आवडतं. शेपटीच्या बुडाशी आणि पोटावर नको असतं. तीन सेकंद कुरवाळा आणि हात काढून घ्या. तिने डोकं पुढे केलं तर आणखी हवंय. नुसती बसून राहिली तर पुरे. (कुत्र्यावरही हे करून पाहा, कधीकधी धक्का बसतो.)

घुरघुरण्यावर फार विसंबू नका. दुखत असलं तरी मांजरी घुरघुरतात. चांगली चालणारी-उड्या मारणारी मांजर अचानक लपायला लागली किंवा ट्रेबाहेर करायला लागली, तर स्वभावाला दोष देण्याआधी पशुवैद्याला दाखवा.

खेळाबद्दल: दोरीला बांधलेलं पीस रोज पाच-दहा मिनिटं पुरतं. ते भक्ष्यासारखं पळवा, लपवा आणि शेवटी तिच्या पंज्यात सापडू द्या. नुसता लेझरचा ठिपका कधीच हाती लागत नाही, त्याने ती वैतागते. एक्झेटर विद्यापीठाच्या २०२१ मधल्या अभ्यासात एवढ्या रोजच्या खेळाने मांजरींनी शिकार करून घरी आणलेले प्राणी २५ टक्क्यांनी कमी झाले. मात्र खाऊ काढायची महागडी कोडी तिने ढुंकूनही पाहिली नाहीत तर मनाला लावून घेऊ नका. बहुतेक प्राणी कष्टाचं खाणं आवडीने खातात असं दिसलंय. मांजरींपुढे कोडं आणि भरलेली ताटली दोन्ही ठेवली, तर त्यांनी जास्त करून ताटलीतलंच खाल्लं.

तर व्हिडिओ आधी, बाकी नंतर. आठवडाभर चपलेवरून एकदाही ओरडू नका. आणि तोवर चपला कपाटात ठेवा. मांजरीच्या नको, दुसऱ्या.