हैदराबादचा चषक आपला का?

या महिन्याची चार पत्रं चार तऱ्हेच्या फुटबॉल पाठीराख्यांची आहेत. एकाचा क्लबच बंद पडलाय, एकाच्या जर्सीचे तुकडे पडतायत, एकीला जन्मात एकदा लिव्हरपूलचं मैदान अ‍ॅनफिल्ड बघायचंय आणि एका बापाला मुलाची काळजी आहे.

2014 मध्ये एफसी पुणे सिटी सुरू झाला तेव्हापासून बालेवाडीला जात होतो. 2019 मध्ये क्लब गुंडाळला, इंडियन सुपर लीगमधली (आयएसएल) जागा हैदराबादला गेली आणि 2022 मध्ये हैदराबादने चषकही जिंकला. मित्र म्हणतात, ‘तो आपलाच संघ.’ मला ते पटत नाही. मग आता मी कुणाचा? – पुणे

तुम्हाला पटत नाही ते बरोबरच आहे. हैदराबादकडे लीगमधली जागा गेली, काही खेळाडूही गेले. त्या व्यवहारात पाठीराखे नव्हते आणि नसतातच. 2017-18 ला उपांत्य फेरीपर्यंत गेलेला पुण्याचा संघ हा तुमचा इतिहास. गोव्यात फातोर्ड्याला पेनल्टीवर केरळला हरवून उचललेला चषक हैदराबादकरांचा, तो त्यांना लखलाभ.

असल्या प्रसंगी काय करता येतं ते बघायला लंडनच्या विम्बल्डनकडे जावं लागतं. 1988 च्या एफए कप अंतिम सामन्यात लिव्हरपूलला 1-0 हरवणारा हा क्लब. मे 2002 मध्ये त्याला सुमारे 90 किलोमीटरवरच्या मिल्टन कीन्सला हलवायची परवानगी मिळाली. पाठीराख्यांनी काही आठवड्यांत स्वतःचा क्लब काढला, विम्बल्डनच्या मोकळ्या माळावर निवड चाचणी घेतली आणि बऱ्याच खालच्या पायरीवरच्या कम्बाइन्ड काउंटीज लीगमध्ये नाव घातलं. पाच बढत्या घेत एएफसी विम्बल्डन 2011 मध्ये फुटबॉल लीगमध्ये पोचला. 2020 मध्ये तो विम्बल्डनमधल्या प्लाऊ लेनला परतलाही. जुने चषक मिल्टन कीन्सवाल्यांनी 2007 मध्ये विम्बल्डनच्या मर्टन कौन्सिलकडे सोपवले. इतिहास माणसांमागे जातो, हे पलीकडच्या पार्टीनेच मान्य केलं म्हणायचं.

पुण्यात हे करायचं तर किमान सात सभासद जमवा. 1860 च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली संस्था नोंदवायला तेवढे लागतात. तीच संस्था महाराष्ट्राच्या 1950 च्या विश्वस्त कायद्याखालीही नोंदवावी लागते. दोन्हींचं काम धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातच होतं. जुन्या क्लबचं नाव आणि बोधचिन्ह मात्र वापरू नका. ती कंपनीची मालमत्ता, नोटीस यायला वेळ लागत नाही. रंग वापरा, नारिंगी रंगावर कुणाची मालकी नाही.

घोळ होतो तो संस्थेच्या घटनेत, म्हणजे नियमावलीत. उत्साहाच्या भरात एखादा देणगीदार सगळा खर्च उचलतो, तीन वर्षांत त्याचा उत्साह संपतो आणि क्लबही संपतो. म्हणून पैसे कुणीही कितीही देवोत, एका सभासदाला एकच मत, असं सुरुवातीलाच लिहून ठेवा. नाव, रंग किंवा गाव बदलायचं तर तीन चतुर्थांश सभासदांची संमती हवी, हे कलमही घाला. जर्मनीत ‘50 अधिक 1’ म्हणतात ते याच जातीचं: गुंतवणूकदार आला तरी मतांचं बहुमत सभासदांच्या क्लबकडेच राहतं.

मग जिल्हा संघटनेकडे संघाची नोंदणी. खेळाडू 20 तरी धरा, परीक्षा आणि दुखापतींत पाच-सहा जातातच. प्रत्येकाची नोंद अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या सीआरएस या खेळाडू नोंदणी प्रणालीत लागते. आधीच्या क्लबकडून मुलगा तिथे मोकळा झालेला नसेल तर पहिल्या सामन्याला तो रेषेबाहेर उभा. ही तपासणी लीगच्या आदल्या आठवड्यात करू नका, दोन महिने आधी उरका.

वडिलांनी 1990 च्या दशकात लंडनहून आणलेली आर्सेनलची जर्सी पाठीवरच्या आकड्याला चिरा जाऊन सोलायला लागली आहे. फ्रेम करावी का? – डोंबिवली

आधी आकडा कशाचा आहे ते ओळखा. बोटाला मखमलीसारखा लागला तर फ्लॉक, रबरासारखा गुळगुळीत लागला तर उष्णतेने चिकटवलेली प्लास्टिक फिल्म. आणि कापडाहून वेगळा काही थरच लागत नसेल तर रंग धाग्यातच मुरलेला आहे. तो कधी सुटत नाही. तुमचं वर्णन दुसऱ्या प्रकाराचं आहे.

कोपरा उचलला गेलाय पण फिल्म अखंड आहे, असं असेल तर ती परत बसते. जर्सी सपाट पसरा, पाठ आणि पोट यांच्यामध्ये पुठ्ठा घाला (नाहीतर सुटलेला गोंद आरपार जाऊन पुढचा भाग मागच्याला चिकटतो). वर बटर पेपर ठेवा, इस्त्री दोन टिंबांवर, वाफ बंद. दहा सेकंद दाबून धरा. घासू नका, घासलं की आकडा वाकडा सरकतो. पूर्ण गार झाल्यावरच कागद काढा. आधी आतल्या शिवणीवर इस्त्री टेकवून बघा. पॉलिएस्टर चकाकायला लागलं तर उष्णता जास्त आहे. फिल्मला चिरा पडल्या असतील तिथे मात्र हात लावू नका. चिरा म्हणजे प्लास्टिक कडक झालंय, इस्त्रीने ते आणखी तडकेल. ती जर्सी तशीच राहू द्या, वयाप्रमाणे दिसते एवढंच.

धुवायचीच असेल तर उलटी करून गार पाण्यात, सौम्य द्रव साबणाने, हाताने, दहा मिनिटं. ब्लीच नको, पिळणं नको, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि सावलीत आडवी वाळवा. हँगरला ओली टांगली की खांदे लोंबतात.

फ्रेम करा, पण काच कापडाला टेकता कामा नये. मध्ये किमान बोटभर पोकळी हवी, नाहीतर आपल्याकडच्या पावसाळ्यात आत दमट होऊन फिल्म काचेलाच चिकटते. ऊन येणाऱ्या भिंतीवर लावू नका. लाल रंग आधी विटतो. कपाटात ठेवायची असेल तर आकड्यावर आम्लरहित टिश्यू पेपर ठेवून सैल गुंडाळी करा आणि सुती पिशवीत घाला. घडी आकड्यातून गेली की तिथेच पुढची चीर जाते. डांबराच्या गोळ्या त्या कपाटात नकोत. सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि पावसाळ्यात अधूनमधून बदला.

पुढच्या हंगामात अ‍ॅनफिल्डवर लिव्हरपूलचा एक सामना बघायचा आहे. ओळखीतून एकजण तिकीट देतो म्हणतो. घेऊ का? – नाशिक

घेऊ नका. इंग्लंडमध्ये फुटबॉलचं तिकीट परवानगीशिवाय विकणं 1994 च्या कायद्याने गुन्हा आहे. वर तिकीट रद्द झालं तर तुम्ही नाशिकहून जाऊन दारातून परत. सरळ मार्ग म्हणजे क्लबचं सभासदत्व, आणि ते जाणाऱ्या प्रत्येकाचं वेगळं. सभासदत्व म्हणजे तिकीट नव्हे, ते मागण्याचा हक्क फक्त, म्हणून एकाच सामन्यावर जीव टाकू नका. दोन-तीन तारखा मनात धरा, मधल्या फळीतल्या संघाविरुद्धचा सामना निवडा. मँचेस्टर युनायटेडचा हट्ट पहिल्या खेपेला तरी सोडा.

सर्वांत जास्त पैसे बुडतात ते तारखेत. वेळापत्रक जूनमध्ये येतं, पण त्यातला शनिवार टीव्हीसाठी रविवार किंवा सोमवारही होऊ शकतो आणि तो बदल बऱ्याच उशिरा जाहीर होतो. परतीचं विमान मंगळवारच्या आधीचं घेऊ नका.

तोवर घरी बघताना एक लक्षात ठेवा. तिकडचे दुपारचे 3 म्हणजे आपल्याकडे उन्हाळी वेळेत 7.30, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून 8.30, आणि मार्चच्या शेवटच्या रविवारपासून पुन्हा 7.30. गंमत म्हणजे शनिवारचे 3 चे सामने खुद्द ब्रिटनमध्ये टीव्हीवर दाखवत नाहीत, 2.45 ते 5.15 प्रक्षेपणबंदी असते, छोट्या क्लबांची मैदानं ओस पडू नयेत म्हणून. लिव्हरपूलमधल्या माणसाला घरी जे दिसत नाही ते तुम्ही नाशिकमध्ये जेवता जेवता बघता.

आमच्या घरात तीन पिढ्या एकाच तालमीचा फुटबॉल संघ. मुलगा मात्र बार्सिलोनाची जर्सी घालून फिरतो. शाहू स्टेडियमवर चल म्हटलं की मोबाइलमध्ये तोंड. काय करावं? – शिवाजी पेठ, कोल्हापूर

बार्सिलोना सोडायला सांगू नका, दोन्ही चालतं. शिवाय ‘आमच्या वेळची ईर्षा’ सांगत बसू नका, पोरं त्याने आणखी लांब पळतात. मोठ्या सामन्याला थेट नेणंही चुकतं: गर्दी, उकाडा, पुढच्याची पाठ, आणि त्याला मैदानावरचं एकही नाव माहीत नाही.

आधी सकाळी सरावाला न्या. ज्या पोराला तो गल्लीत रोज बघतो तोच 30 मीटरवरून चेंडू छातीवर घेताना पाच पावलांवरून दिसला की निम्मं काम होतं. मग त्याला एखादं काम द्या. सरावाचे शंकू मांडणं, चेंडूत हवा आहे का बघणं (5 नंबरच्या चेंडूला 0.6 ते 1.1 बार, पंपाला काटा हवा, अंगठ्याने दाबून कळत नाही), सामन्याला पाण्याच्या बाटल्या. पहिल्यांदा सामना दाखवाल तो हंगामाच्या सुरुवातीचा, कमी गर्दीचा दाखवा, आणि संघाच्या बाकामागे बसा. 2017 च्या 17 वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव कोल्हापूरचाच, हे त्याला बहुधा ठाऊक असेल. नसेल तर तेवढं मात्र सांगा.

आणि पराभवाच्या दिवशी रात्री घरात अबोला धरू नका. पोरगं तेच शिकतं.