सार्वजनिक ठिकाणी दारू पिण्यावर बंदी असावी का?

असावी का काय, आहेच ना भो. 1949 चा दारूबंदी कायदा आहे आपल्याकडे. ढाब्यावर चोरून पाजली तर मालकावर कलम 68 अन् पिणाऱ्यावर 84, पिऊन रस्त्यात धिंगाणा घातला तर 85. बिअर शॉपीला तर फक्त सीलबंद बाटली विकायची परवानगी असते, तरी दिवस मावळला की शॉपीच्या मागे जाऊन बघा काय चाललेलं असतं.

आमची केळी रावेर तालुक्यात, रस्त्याला लागून. संध्याकाळी बांधावर मोटारसायकली लागतात, क्वार्टर, पाण्याचे पाऊच, शेवेची पुडी, आणि संपली की बाटली बागेत भिरकवायची नाहीतर ठिबकच्या व्हॉल्व्हवर फोडायची. केळीत खाली वाळलेली पानं अन् माती कायम ओली, त्यात बाटलीचं बूड काच वर करून रुतून बसतं, दिसतच नाही. केळीच्या बुडाशी फुटणारी पिलं, म्हणजे कोंब, कापायला आलेल्या एका मावशीचा पाय नेमका त्याच्यावर पडला, चप्पल चिरून काच आत गेली. गाडीवर बसवून दवाखान्यात नेलं, टाके पडले, धनुर्वाताचं इंजेक्शन झालं, खर्च मी केला पण ऐन कामाच्या दिवसांतली तिची मजुरी बुडाली ती कोण देणार?

हे आमच्या साडूभाऊंना सांगितलं तर म्हणे, "परमिट रूमला दुप्पट पैसे लागतात, घरी बायका बसू देत नाहीत, मग गरिबानं जावं कुठे?" अहो, गरीब ती मावशी होती! बांधावर बसणारे बुलेटवर येतात. स्वतःच्या घरात ज्याची लाज वाटते ते दुसऱ्याच्या शेतात कसं चालतं, याचं उत्तर त्यांनी अजून दिलेलं नाही.

आता कोणी म्हणेल सगळी दारूच बंद करा. ते मला पटत नाही. गुजरातेत 1960 पासून बंदी आहे, तरी सीमेवरच्या नवापूरकडून माल जातोच. गावातलं दुकान नको असेल तर बायकांचं मतदान घेऊन बाटली आडवी करता येते, पण त्यानं बांधावरची बैठक उठत नाही. तिथे 112 ला फोन करायचा, गाडी येईपर्यंत ते निघून गेलेले असतात हेही खरं. आणि हो, सातपुड्यातले पावरा, भिल्ल भाऊ मोहाची देवाला दाखवून घेतात, ती गोष्ट वेगळी, त्यांना यात ओढू नका.

माझं म्हणणं एवढंच की बाटलीला किंमत लावा. तामिळनाडूत नीलगिरी जिल्ह्यात 2022 पासून बाटलीमागे 10 रुपये जास्त घेतात, रिकामी आणून दिली की परत मिळतात. साडूभाऊ म्हणतात आपल्याकडचे पिणारे असले नखरे करणार नाहीत. नका करू! भंगारवाले सकाळी येऊन वेचून नेतील, 10 रुपयांची बाटली माझ्या बागेत कोणी पडू देणार नाही.