घरपट्टीची थकबाकी दरवर्षी वाढतेच. वसुली सुधारायची तर सुरुवात कुठून करावी?

बिलापासून. थकबाकी म्हटली की सगळ्यांना जप्ती आणि दारात बँड वाजवणं आठवतं, पण कित्येक घरांत बिल पोचतच नाही. पोचलं तरी त्यावर वारलेल्या आजोबांचं नाहीतर बिल्डरचं नाव, मोबाइल नंबर कोरा, आणि वर चढवलेला मजला हिशेबातच नाही. पिंपरी-चिंचवड महापालिकेने २०२३ मध्ये बिलवाटप महिला बचतगटांकडे दिलं, ते मला मनापासून पटलं. वस्तीतल्याच बायकांना घरं ठाऊक असतात, बिल हातात पडतं, आणि त्याच फेरीत नंबरही टिपता येतो.

दुसरं, अभय योजना, म्हणजे थकबाकीवरचा दंड माफ करणाऱ्या योजना, बंद करा. महापालिकांत थकीत रकमेवर दरमहा २ टक्के शास्ती, म्हणजे दंड, लागते, म्हणजे वर्षाला २४. ती पुढे माफ होणार हे कळलं की वेळेवर कोण भरेल? एप्रिल-मेमध्येच पैसे भरून मोकळं होणाऱ्यावर हा उघड अन्याय आहे. हवं तर शास्तीचा दर कमी करा, हप्ते पाडून द्या, पण माफी नको.

गावात असाल तर आधी नमुना ८, म्हणजे ग्रामपंचायतीची कर आकारणीची नोंदवही, अद्ययावत करून घ्या, वारसनोंदी आणि वाढीव बांधकामासकट.