सोलापूरच्या मुलीने ओहोटीच्या किनाऱ्याचे शास्त्र शिकावे का?

सप्रेम नमस्कार.

आपले पत्र मिळाले. आपण टॉवेलच्या कारखान्यात पर्यवेक्षक आहात, मुलगी सोलापुरातच बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षात प्राणिशास्त्र आणि वनस्पतिशास्त्र शिकते आहे, आणि महाविद्यालयाच्या सहलीत रत्नागिरीजवळच्या खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी फिरून आल्यापासून तिने ‘मला हेच शिकायचे आहे’ असा धोशा लावला आहे, असे आपण लिहिता. नातेवाईक म्हणतात, बी.एड. करून मोकळी हो. खडकावरच्या शिंपल्या आणि शेवाळ मोजणे हा अभ्यासाचा विषय तरी आहे का, असल्यास त्यावर पोट भरते का आणि सोलापुरात राहून त्याची तयारी कशी करावी, हे आपले तीन प्रश्न आहेत. मुलीला पोहता येत नाही, ही काळजी आपण पत्राच्या शेवटी लिहिली आहे. तिचा विचार मीही शेवटीच करतो.

विषय आहे, आणि परिस्थितिकीच्या, म्हणजे सजीव आणि त्यांचा परिसर यांच्या नात्याच्या शास्त्राच्या, पाठ्यपुस्तकांत शिकवले जाणारे काही मूलभूत सिद्धान्त याच किनाऱ्यावर सिद्ध झाले आहेत. भरतीची रेषा आणि ओहोटीची रेषा यांमधला पट्टा दिवसातून दोनदा पाण्याखाली जातो आणि दोनदा उघडा पडतो. तिथल्या जिवाला काही तास खारे पाणी, काही तास कोरडे ऊन, आणि आपल्याकडे पावसाळ्यात वरून कोसळणारे गोडे पाणी, हे सगळे एकाच जागी चिकटून सोसावे लागते. मुलीने खडकावर पांढरे, खरखरीत, ज्वालामुखीच्या तोंडासारखे दिसणारे बारीक शंकू नक्की पाहिले असतील. त्यांना बार्नेकल म्हणतात. ते शिंपल्याच्या जातीचे वाटतात, पण त्यांचे नाते खेकडा आणि कोळंबी यांच्याशी आहे. पिल्लू असताना ते पाण्यात पोहते, मग जागा निवडून डोक्याच्या बाजूने खडकाला कायमचे चिकटते, भोवती कवचाच्या पट्ट्या उभारते, आणि पाणी चढले की वरचे झाकण उघडून पिसांसारखे पाय बाहेर काढून अन्नकण ओढून घेते. पाणी उतरले की झाकण बंद. चार्ल्स डार्विनने १८४६ ते १८५४ अशी आठ वर्षे या प्राण्यांच्या वर्गीकरणावर खर्च केली होती.

जोसेफ कॉनेल या संशोधकाने स्कॉटलंडमधील कंब्रे बेटाच्या किनाऱ्यावर बार्नेकलच्या दोन जातींवर प्रयोग करून ते १९६१ साली प्रसिद्ध केले. एक जात खडकाच्या वरच्या भागात सापडे, दुसरी त्याखाली. त्याने खालच्या पट्ट्यात काही ठिकाणी दुसऱ्या जातीचे बार्नेकल खरवडून काढले, तेव्हा पहिली जात तिथेही व्यवस्थित जगली. म्हणजे खाली राहण्यात तिला अडचण नव्हती, पण शेजारी वेगाने वाढून तिला दाबून, उपटून टाकत होता. उलट दुसरी जात वर चढू शकत नव्हती, कारण तिथला कोरडेपणा तिला सोसत नव्हता. पुढे रॉबर्ट पेन याने अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्याच्या किनाऱ्यावर एका खडकावरचे तारामासे सतत काढून टाकले आणि शेजारचा भाग तसाच ठेवला. तारामासा शिंपल्यांना खात असे. तो गेल्यावर शिंपल्यांनी जागा बळकावली, आणि १९६६ च्या त्याच्या लेखात नोंदल्याप्रमाणे तिथल्या जातींची संख्या १५ वरून ८ वर आली. एखाद्या परिसंस्थेचा तोल एकाच प्राण्यावर अवलंबून असू शकतो, ही कल्पना त्यातून पुढे आली.

हे सविस्तर सांगण्याचे कारण आपल्या प्रश्नाशीच निगडित आहे. जंगलात असा प्रयोग करायचा तर झाडे वाढण्याची वाट पाहण्यात आयुष्य जाईल. किनाऱ्यावर जीव लहान आहेत, बरेचसे जागचे हलत नाहीत, आणि कॉनेल किंवा पेन यांना जे लागले ते मुख्यतः खरवडणी, खुणा, पुन्हा पुन्हा केलेली मोजणी आणि चिकाटी. कमी खर्चात खरे संशोधन करता येईल अशा फार थोड्या विषयांपैकी हा एक आहे, आणि साध्या महाविद्यालयातून आलेल्या विद्यार्थिनीच्या दृष्टीने ही बाब लहान नाही.

आपल्या कोकण किनाऱ्यावर करण्यासारखे कामही भरपूर आहे. पावसाळ्यात लाटांच्या माऱ्याने खडक बरेचसे धुऊन निघतात आणि पाऊस ओसरल्यावर शैवालांची नवी वाढ सुरू होते. कोणती जात आधी येते, तिला कोणता शंखप्राणी खातो, कालवांची वसाहत कुठवर चढते, चिखलाच्या पृष्ठभागावरचा करडा-तपकिरी पातळ थर, जो डायॅटम नावाच्या सूक्ष्म शैवालांचा असतो, किती जिवांना पोसतो, हे प्रत्येक खाडीत आणि प्रत्येक खडकावर वेगळे निघू शकते. कोकणातल्या बायका ओहोटीला कालवे, तिसऱ्या, मुळे असे खाण्याचे शिंपले काढायला जातात. त्यांच्या जागा आणि ऋतू त्यांना तोंडपाठ असतात. मुलीला या कामात कधी उतरायचे झाले, तर प्राध्यापकांइतकेच त्यांच्याकडूनही शिकावे लागेल, हे तिला आताच सांगून ठेवा.

आता पोटाचा प्रश्न. इथे मी गोड बोलणार नाही. ‘आंतरभरती परिस्थितिकी तज्ज्ञ हवा’ अशी जाहिरात वर्तमानपत्रात येत नाही. एम.एस्सी.नंतर सुरुवातीला बहुधा प्रकल्प सहायकाची, वर्षा-वर्षाने वाढणारी कंत्राटी नोकरी मिळते, आणि स्थिर पगार हाती यायला वयाची तिशी उजाडू शकते. घरात धाकटे भावंड शिकायचे असेल, कर्ज असेल, तर हा हिशेब मुलीसमोर बसून करा; तिला तो न सांगता मनाई करणे किंवा न सांगता परवानगी देणे, दोन्ही चुकीचे.

पण वाटा बंद आहेत असेही नाही. सी.एस.आय.आर.-यू.जी.सी. नेट या राष्ट्रीय पात्रता परीक्षेच्या जीवशास्त्र विषयात कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळवली आणि पीएच.डी.ला प्रवेश घेतला, तर दरमहा ३७,००० रुपये मिळतात. हा दर जानेवारी २०२३ पासूनचा आहे. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था, केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था, भारतीय प्राणी सर्वेक्षण यांसारख्या संस्थांत आणि किनारी विद्यापीठांत या विषयावर काम चालते. महाविद्यालयात शिकवायचे झाले तर साधारणपणे नेट किंवा सेट ही राज्यस्तरीय पात्रता परीक्षा लागते. तिसरी वाट लोकांच्या फारशी लक्षात येत नाही: बंदर, पूल, किनारी रस्ता असा प्रकल्प उभा राहायचा तर पर्यावरणीय आघाताचा अभ्यास करावा लागतो, आणि २०१९ च्या किनारपट्टी नियमन अधिसूचनेत भरती-ओहोटीच्या रेषांमधला पट्टा स्वतंत्र वर्गात धरलेला आहे. तो अभ्यास करणाऱ्या सल्लागार कंपन्यांना तिथले जीव अचूक ओळखून मोजणारी माणसे लागतात. या कामाचा दर्जा सगळीकडे सारखा नसतो आणि अहवाल लवकर उरकण्याचा दबावही येतो, पण पगार मिळतो आणि अनुभवही. महाराष्ट्राच्या कांदळवन प्रतिष्ठानासारख्या ठिकाणीही प्रकल्पांवर संशोधक घेतले जातात. शिवाय प्राणिशास्त्राच्या पदवीवर भारतीय वनसेवेची परीक्षा देता येते, आणि बी.एड. काही पळून जात नाही, ते एम.एस्सी.नंतरही करता येते. नातेवाइकांना एवढे सांगितले तरी पुरे.

या सगळ्या वाटांवर खरी टंचाई आहे ती जाती ओळखता येणाऱ्यांची. समुद्राची आवड असणारे पुष्कळ भेटतात. दोन सारख्या दिसणाऱ्या शंखांतला फरक सांगणारे आणि तीच मोजणी सहा महिने त्याच पद्धतीने करणारे फार थोडे. म्हणून मुलीने आता पदवी बदलू नये, एखाद्या खासगी संस्थेची महागडी ‘मरीन’ पदविका तर मुळीच घेऊ नये. बी.एस्सी. चांगल्या गुणांनी पूर्ण करावी, संख्याशास्त्र मन लावून शिकावे, आणि ‘आर’ ही मोफत संगणकप्रणाली हाताळायला लागावे. पुढे कोचीनचे विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठ, परंगीपेट्टै येथील अण्णामलै विद्यापीठाचे सागरी जीवशास्त्र केंद्र, गोवा विद्यापीठ, असे पर्याय आहेत. त्या-त्या वर्षीची माहितीपुस्तिका पाहूनच अटी ठरवाव्यात. घराबाहेर पाठवणे परवडत नसेल तर पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठातून प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करून प्रबंधापुरते किनाऱ्यावर जाणे हाही कमी प्रतीचा मार्ग नाही.

समुद्र नाही म्हणून तयारी अडते, हे मला पटत नाही. उजनीचे पाणी दिवाळीनंतर उतरू लागते आणि उन्हाळ्यापर्यंत मैलोन्‌मैल काठ उघडा पडतो. तिथे शेतकरी गाळपेर करतात आणि रोहित पक्षी चरतात. हिवाळ्यात उजनीच्या चिखलात चोच खुपसणारे छोटे टिलवे समुद्रकाठच्या चिखलावरही दिसतात. इथले पाणी गोडे आहे आणि ते वर्षातून एकदाच उतरते, त्यामुळे याला समुद्राची जागा देता येणार नाही. पण पाण्यापासून किती अंतरावर कोणता शंख जिवंत सापडतो, कुठे नुसते कवच उरते, पाणी हटल्यावर किती दिवसांनी पहिले गवत उगवते, हे प्रश्न त्याच जातीचे आहेत. तिने अर्धा मीटर बाजूची लाकडी चौकट बनवून घ्यावी, तिला दोऱ्यांनी पंचवीस घरे पाडावीत, काठापासून वर एक दोर ताणून ठरावीक अंतरांवर चौकट ठेवावी आणि प्रत्येक घरात काय आहे ते लिहावे. नोव्हेंबर ते मे, दर पंधरवड्याला, त्याच जागी. उजनी लांब पडत असेल तर हिप्परग्याचा तलाव आहे. उजनीत वरच्या शहरांचे सांडपाणी येते, म्हणून हातमोजे आणि गमबूट आवश्यक. चौथ्या-पाचव्या खेपेला हे काम कंटाळवाणे होते, आणि मुलीची आवड सहलीपुरती होती की टिकणारी आहे, ते तिथेच कळेल. टिकली, तर ती वही कोणत्याही मुलाखतीत शिफारसपत्रापेक्षा जास्त बोलेल.

वर्षातून एक-दोनदा मात्र प्रत्यक्ष किनारा गाठावा. रत्नागिरी एस.टी.ने एका रात्रीच्या अंतरावर आहे. जाण्यापूर्वी पंचांग पाहावे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ साधारण कळते, चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, आणि त्यानंतर सहा तासांनी ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असते, तेव्हा पाणी सर्वांत खाली जाते, पण ती ओहोटी सकाळी लवकर किंवा संध्याकाळी येते, हे मुक्काम ठरवताना लक्षात घ्यावे. पक्की वेळ भरती-ओहोटीच्या छापील तक्त्यावरूनच घ्यावी. प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहेत, आणि मालवणच्या सागरी अभयारण्यात परवानगीशिवाय काहीच गोळा करता येत नाही; छायाचित्र आणि नोंद पुरेशी आहे. उलटलेला प्रत्येक दगड होता तसा परत ठेवावा, कारण त्याच्या खालच्या बाजूचे जीव उन्हात तासाभरात मरू शकतात.

पोहण्याविषयी: या अभ्यासात पाण्यात बुडी मारावी लागत नाही, चालावे लागते, आणि ते शेवाळलेल्या खडकावर. तरीही सोलापुरात तरणतलाव आहेत, या उन्हाळ्यात तिला शिकू द्या. किनाऱ्यावर तिने एकटीने कधी जाऊ नये, सोबतीचा माणूस नेहमी असावा. पायात घट्ट, पकड असलेले बूट असावेत, चपला नकोत. ओहोटीच्या नेमक्या वेळेच्या दीड-दोन तास आधी उतरून पाण्याच्या मागे-मागे काम करत जावे, आणि पाणी फिरले की चौकट कितीही अर्धवट राहिली असली तरी वर यावे.

आपला,
करिअर मार्गदर्शक